लाल छातीची तुतारी

"नरहरीला बोलवा. नरहरीला बघू दे."

हा आवाज आत्माराम साहेबांचा. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी, जिथल्या स्थिर उजेडात रंग पारखत, तो पहिल्यांदा ऐकू आला, त्याला तीस वर्षं उलटली. साहेब कधीच गेले, त्या खिडकीला काळी काच लागली, पण नरहरीच्या कानातून आवाज काही गेला नाही. नळाखाली हात धुताना, चिकूखालचा पाला लोटताना मध्येच कुठून तरी यायचा. नरहरीला बोलवा.

आणि बोलवायचेच हो! रंगवलेल्या सुताची लडी टेबलावर यायची, शेजारी गिऱ्हाइकाचा नमुना. बाकीचे दहाजण मान वाकडी करून बघत राहायचे. नरहरी यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बघायचा, आणि सांगायचा की निळा चिमूटभर जास्त झालाय. मोजून बघावं तर खरोखर चिमूटभरच जास्त निघायचा. जुळ्यांतला थोरला कोणता हे आईला जसं लांबून कळतं, तसे त्याला लालातले लाल वेगवेगळे दिसत. "रंगात माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय," असं तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, आणि पुष्कळ वर्षं खरोखरच कुणी जन्माला आलं नाही.

मग एक पांढरा डबा आला. त्याच्या तोंडात कापडाचा तुकडा ठेवायचा, बटण दाबायचं, की बाजूने आकडा बाहेर. डबा चहाला जात नसे, रजा मागत नसे, आणि चष्मा कपाळावर सरकवून कुणाला ताटकळत ठेवत नसे. पहिले काही महिने लोक डब्याचा आकडा नरहरीला दाखवून घेत. नंतर दाखवेनासे झाले. अठ्ठावन्न पुरे झाल्यावर शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन तो तारापूरच्या वाडीत घरी आला, आणि घरी आला तो मुकाच झाला. भांडण नाही, रुसवा नाही. नुसता गप्प. शैला, म्हणजे त्याची बायको, आधी काळजीने विचारायची, मग रागाने विचारायची, मग तिनेही विचारणं सोडून दिलं.

कुणीतरी आपल्याला पुन्हा हाक मारावी, नरहरीला बघू दे म्हणावं, एवढंच एक त्याला हवं होतं. पण साठीला टेकलेल्या माणसाने हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने?

तर अशा या माणसाला पुण्याच्या लेकीने, भाविकाने, पावसाळा सरता सरता एक दुर्बीण पाठवली. हातातली नव्हे, चांगली दीड हात लांब, तीन पायांवर उभी राहणारी, आणि मागे डोळा लावायच्या जागी फोन अडकवायची सोय असलेली. बाबा, पक्षी बघा, असं तिने चिठ्ठीत लिहिलं होतं. नरहरी शिस्तीचा माणूस. आधी दीड महिना त्याने माहितीपुस्तिका वाचली. मग पक्ष्यांचं पुस्तक आणून वाचलं. खुणेच्या कागदी पट्ट्या लावून पुस्तकाचा मोरपिसारा केला. दुर्बीण तोवर पेटीतच. दिवाळी झाली, फराळ संपला, थंडीने वाडीत पाय टाकला, तेव्हा कुठे एका पहाटे तो पेटी स्कूटरला बांधून निघाला.

दांडीच्या अलीकडे, मिठागरं सोडून दिलेल्या जमिनीत, खारटणचं राखीव पाणथळ आहे. वनखात्याचा फलक, एक लाकडी मचाण, आणि राखणीला जिव्या. जिव्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. बोलायला पैसे पडतात अशा समजुतीने जगणारा. दोघांचं छान जमलं. एकाने मान हलवली, दुसऱ्याने हलवली, झाली ओळख.

ओहोटीचं पाणी मागे सरलं होतं. चिखल असा चकाकत होता की आभाळ खाली सांडलंय असं वाटावं. शैलाच्या तोंडात एक जुनी चाल असते, शब्द ती वेळ बघून घालते. तिच्यासारखं त्याच्याही मनात काहीबाही जुळून आलं:

पाणी गेलं गं ओहोटी, उघडा पडला चिखूल,
कुण्या देशीचं पाखरू, त्याचं नाजूक पाऊल.

आपल्या मनात गाणं आलेलं बघून नरहरी दचकला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि घाईघाईने दुर्बिणीला डोळा लावला.

समोर तुतारी होती. फुंकायची नव्हे, तुतारी नावाचा पक्षी, मुठीएवढा, बाकदार चोचीचा, हिवाळ्यात सैबेरियातून आपल्याकडे येणारा. नुसत्या डोळ्यांना तो चिखलातला एक हलता खडा दिसत होता. पुस्तकात लिहिलं होतं की उन्हाळ्यात, तिकडे आपल्या घरी, याच्या छातीवर विटकरी रंग चढतो. इकडे येतो तो राखाडी होऊन. हिवाळ्यात हमखास राखाडी, या वाक्याखाली नरहरीने पेन्सिलने रेघ मारली होती.

आणि या तुतारीची छाती लाल होती.

त्याने डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. लाल. थोडी धूसर, कडेला किंचित पिवळी झाक, पण लाल. त्याने फोन अडकवून फोटो काढला. फोटोतही लाल. नरहरीच्या छातीत, तिथे कसलाही रंग नसताना, धडधड सुरू झाली.

पालघरच्या पक्षीमित्रांचा व्हॉट्सॲपवर गट होता. त्याचा कर्ताधर्ता प्रणव. दिवसा बँकेत आणि उरलेल्या वेळात गटावर. नरहरीने फोटो टाकला आणि खाली फक्त लिहिलं, "खारटण. आज सकाळी. रंगाची खात्री मी देतो." दहा मिनिटांत फोन इतका वाजला की जिव्याने राखाडी बगळ्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. कुणी लिहिलं अद्भुत, कुणी लिहिलं अशक्य, कुणी हात जोडले, आणि एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. शेवटी प्रणवचा फोन आला. "काका, तुम्ही उद्या परत जाल का? तुम्ही बघा आणि सांगा. तुमच्या डोळ्यावर आहे सगळं."

तुमच्या डोळ्यावर आहे. नरहरीने ते वाक्य खिशात घातलं आणि स्कूटर घरी अशी आणली जशी नवरदेवाची गाडी. घरी येऊन शैलाला सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. तुतारी कशी चालते ते स्वयंपाकघरात चालून दाखवलं. शैला लाटणं हातात धरून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी लाल तुताऱ्या तीन झाल्या. आठव्या दिवशी सात. पंधरवड्यात अकरा. नरहरीची वही भरत चालली, तारीख, वेळ, भरतीची वेळ, संख्या, रंग. रंगाच्या रकान्यापाशी मात्र त्याचं पेन अडायचं. ज्याने आयुष्यभर लालाला लाल म्हटलं नाही, डाळिंबी म्हटलं, गुंजी म्हटलं, भाजका, कच्चा, उपाशी म्हटलं, त्याला या लालाचं नाव सापडेना. ओळखीचा होता. रोजच्या उठण्याबसण्यातला होता. पण जिभेवर येईना.

आणि आणखी एक गोष्ट झाली, ती त्याने वहीत लिहिली नाही. सतराव्या दिवशी त्याला लाल छातीचा शेकाट्या दिसला. शेकाट्या म्हणजे लांब गुलाबी पायांचा काळापांढरा पक्षी. त्याची छाती उन्हाळ्यात, हिवाळ्यात, कोणत्याही देशात पांढरीच. नरहरीने दुर्बीण शेजारच्या बगळ्यावर नेली. बगळाही लाल. त्याने दुर्बिणीवर टोपी घातली, पेटीत ठेवली, आणि बांधावर बसून राहिला. नुसत्या डोळ्याने बगळा धुतल्या धोतरासारखा पांढरा दिसत होता. डोळ्यात काही झालं असावं का? हा विचार आला तसा त्याने हाकलून दिला. डोळ्यात काही झालं तर मग उरलंच काय? आजचा दिवस धरायचा नाही, असं त्याने ठरवलं, आणि घरी जाऊन शैलाला फक्त तुताऱ्यांबद्दल सांगितलं. ते मात्र पाऊण तास सांगितलं.

इकडे प्रकरण गटातून बाहेर पडलं होतं. तारापूरला औद्योगिक वसाहत असल्यावर आणि पक्षी लाल झाल्यावर लोक काय बोलणार? शेजारच्या कुंभवली गावच्या कुठल्याशा गटावर नरहरीचाच फोटो फिरू लागला. खाली कुणीतरी लिहिलं होतं की रंगाच्या पाण्याने पक्षी रंगले, उद्या माणसं रंगतील. दुसऱ्या दिवशी त्यात निळ्या कुत्र्याची भर पडली. निळं कुत्रं कुणी बघितलं नव्हतं, पण बघितलेल्या माणसाला बघितलेले बरेच होते.

नरहरीने गटावर खुलासा केला. पिसं लोकरीसारखीच, त्यांच्यावर रंग चढतो हे खरं, पण त्यासाठी आम्लात घालून तासभर उकळावं लागतं. तुतारीला कुणी तासभर उकळलं असतं तर ती नंतर चिखलात हिंडली नसती. हा खुलासा त्याने चांगल्या भावनेने लिहिला होता. पण पुढे तो "माजी रंगतज्ज्ञ म्हणतात, पक्ष्यांना आम्लात उकळतात" असा फिरला.

तिसऱ्या दिवशी एका रंगाच्या कारखान्यातला मेहुल नावाचा तरुण अधिकारी घामाघूम होऊन वाडीत हजर झाला. काखेत रंगाच्या नमुन्यांचं बाड. त्यात नुसते लाल दोनशे चाळीस. "अंकल, आप ही देखो," त्याने हात जोडले. "हमारा है तो बोल दो. मैं सर को क्या मुंह दिखाऊं?"

पुष्कळ वर्षांनी कुणीतरी नमुने घेऊन नरहरीच्या ओटीवर आलं होतं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. फोन उत्तरेकडे धरला. एकेक पट्टी फोटोशेजारी लावायची, डावीकडून बघायची, उजवीकडून बघायची, नाही म्हणायचं. एकशे साठाव्या लालापाशी मेहुलला घेरी यायला लागली, म्हणून शैलाने चहा आणला. दोनशे चाळीस संपले. एकही जुळला नाही.

"तो हमारा नहीं," मेहुलने निःश्वास टाकला. आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "लेकिन फिर किसका है?"

"ओळखीचा आहे," नरहरी कपाळ चोळत म्हणाला. "मी हा लाल रोज बघतो. कुठे बघतो ते आठवत नाही." आणि आठवण्यासाठी म्हणून समोर चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या शैलाच्या चेहऱ्याकडे तो कितीतरी वेळ बघत बसला. शैलाने तोंड उघडलं, मिटलं, आणि रिकामे कप घेऊन आत गेली.

प्रणवने मग निकाल लावायचं ठरवलं. पालघरच्या महाविद्यालयात कीर्ती मॅडम होत्या, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर दहा वर्षं काम केलेल्या. त्यांनी रविवारी येऊन स्वतः बघायचं कबूल केलं. त्यांनी होकार दिला तर नोंद नरहरीच्या नावावर जाणार होती, आणि खारटणला दर रविवारी येणाऱ्या लोकांना पक्षी दाखवायचं काम नरहरीकडे येणार होतं. प्रणव उत्साही माणूस. त्याने फलकसुद्धा रंगवायला टाकला होता. पक्षी ओळखता येत नसल्यास नरहरीकाकांना बोलवा, असा मजकूर.

नरहरीने तो मजकूर फोनवर ऐकला आणि पुन्हा वाचायला लावला. शनिवारी तो दिवसभर तुताऱ्यांबद्दल बोलला. रविवारी शैला म्हणाली की मीपण येते. इतकी माणसं येणार, त्यांना खायला काय? तिने मोठा डबा भरून उकडहंडी केली, कंद, कोनफळ, वालाच्या शेंगा घालून, आणि डबा मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसली.

खारटणच्या बांधावर बावीस माणसं आणि बावीस कॅमेरे उभे होते. काहींच्या भिंगांची लांबी बघून जिव्याला वाटलं की आज बहुतेक कुणावर तरी स्वारी आहे. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, आणि तुताऱ्या उतरल्या. चांगल्या चौदा. नरहरीने दुर्बीण लावली, नीट मधोमध धरली, आणि बाजूला झाला.

कीर्ती मॅडमनी डोळा लावला. फोकसची चकती मागेपुढे फिरवली.

"लाल आहे," त्या म्हणाल्या.

बांधावर जी कुजबुज उठली तिने दोन टिटव्या उडाल्या. पण तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की माझ्या कॅमेऱ्यात राखाडी दिसतेय. दुसरा म्हणाला, माझ्याही. मॅडमनी आपली दुर्बीण काढून बघितलं. राखाडी. नरहरीच्या दुर्बिणीतून बघितलं. लाल. त्याच तुतारीला त्याच क्षणी दोन रंग होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती खाली मान घालून किडे खात होती.

मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. प्रणवने प्रकाशाच्या कोनाचा मुद्दा काढला. रंग फक्त याच कोनातून दिसत असेल, तर सगळ्यांनी याच कोनात यायला हवं. म्हणून बावीस माणसं आपापल्या तीन पायांसकट नरहरीच्या मागे एका रेषेत उभी राहायला लागली. बांध दोन हात रुंद. सहासष्ट धातूचे पाय आणि चव्वेचाळीस माणसांचे. कुणाचा पाय कुणाच्या पायात आहे हे कळेना. एक गृहस्थ तर शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यातून फोटो काढत राहिले आणि आपलं भिंग अचानक एवढं चांगलं कसं झालं म्हणून चकित झाले. एवढं करूनही सगळ्यांना राखाडीच. मग नरहरीच्या दुर्बिणीपुढे देवळात लागते तशी रांग लागली. बघून आलेला माणूस लाल म्हणे, रांगेतला माणूस राखाडी म्हणे, आणि राखाडी म्हणणारा पुढे जाऊन बघून आला की तोही लाल म्हणे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि दोन्ही बाजू चिडल्या होत्या.

नरहरी दुर्बिणीचा दांडा धरून उभा होता. लोक त्याला विचारत होते. काका, तुम्ही सांगा, काका, नक्की काय? इतकी वर्षं ज्या हाकेची वाट बघितली ती एकदम बावीस तोंडांनी येत होती, आणि सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे तो बगळा येत होता.

रांगेत मेहुलचा नंबर आला. तो आपल्या साहेबांना कळवायला म्हणून आला होता. त्याने डोळा लावला आणि नेमका त्याच वेळी त्याच्या कोपराचा धक्का लागून दुर्बीण डावीकडे सरकली. तिथे, पलीकडच्या बांधावर, जिव्या होता. एक खुंट कलला होता तो ठोकायला गेलेला. खाकी सदरा काढून खांद्यावर टाकलेला, अंगात पांढरी गंजी.

"अरे, उसको लग गया!" मेहुल ओरडला. "सीने से खून निकल रहा है!"

कीर्ती मॅडमनी त्याला बाजूला सारून बघितलं. जिव्याच्या गंजीवर, बरोबर छातीवर, तळहाताएवढा लाल डाग. हातात दगड, समोर खुंट. "लवकर चला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच धावत सुटल्या.

त्यांच्या मागे प्रणव औषधाची पेटी घेऊन. त्याच्या मागे बाकीचे. जिव्याने मान वर केली तर अख्खं पक्षीमित्र मंडळ ओरडत त्याच्या अंगावर येत होतं. ही माणसं आपल्याकडे येताहेत असं त्याच्या मनातही आलं नाही. आपल्या मागे काहीतरी आहे आणि त्याला भिऊन ही येताहेत का त्याला धरायला येताहेत, याचा विचार करायला वेळ नव्हता. जिव्याने दगड टाकला आणि तोही पळत सुटला.

"पळू नकोस, रक्त जाईल," मॅडम मागून ओरडत होत्या. पळू नकोस म्हटल्यावर जिव्या जास्त जोरात पळाला. मेहुल बांधावरून घसरून चिखलात कंबरेपर्यंत गेला, आणि त्याला काढायला दोघे थांबले ते दोघेही गेले. चौदा तुताऱ्या, शेकाटे, बगळे, झाडून सगळा थवा फडफडत उठला आणि मुरबे गावाच्या दिशेने निघून गेला. कॅमेरे सगळे बांधावर टाकून आले होते, त्यामुळे हिवाळ्यातल्या त्या सर्वांत सुंदर दृश्याचा एकही फोटो कुणाकडे नाही.

शेवटी खुंटाच्या दोरीत पाय अडकून जिव्या आडवा झाला. चौघांनी त्याला धरला, गंजी वर केली. काही नाही. उलटा केला. पाठीलाही काही नाही. पुन्हा सुलटा केला.

"मला काय नाय झालं," जिव्या म्हणाला. त्या हिवाळ्यातलं हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य असावं. "तुमाला काय झालंय?"

इकडच्या बांधावर नरहरी एकटाच उरला होता. त्याने दुर्बिणीला डोळा लावला होता. जिव्या लाल. त्याला धरणारा प्रणव लाल. नरहरीने दुर्बीण जरा हलवली. कीर्ती मॅडमच्या निळ्या स्वेटरवर लाल. वनखात्याच्या फलकावर, वाघाच्या चित्राशेजारी, लाल. जिकडे बघावं तिकडे बरोबर मधोमध. त्याने हळूच डोळा काढला. सगळं जग पुन्हा आपापल्या रंगाचं.

माणसं परत आली, चिखलाने माखलेली, एकमेकांकडे न बघणारी. सगळ्यांच्या पुढे जिव्या. आपल्या अंगावर या यंत्रातून काय दिसलं म्हणून हे लोक मागे लागले, ते त्याला बघायचं होतं. तो वाकला. डोळा लावायचं सोडून त्याने आधी डोळा लावायच्या जागेतच वाकून बघितलं, विहिरीत बघतात तसं.

"काका," तो म्हणाला, "हिला कुंकू लावलंय."

बावीस माना पुढे झाल्या.

"दसऱ्याचं असंल," जिव्या म्हणाला. "आमीबी कोयत्याला लावतो. पण कोयत्यातून बघत नाय."

नरहरीने करंगळी आत घातली. रबराच्या गोल वाटीत, खोल, काचेच्या बरोबर मधोमध सुकलेला पातळ पापुद्रा होता. करंगळीवर आला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला नाही, उत्तरेकडे वळला नाही, डावीउजवीकडे बघितलं नाही. मध्ये लाल, कडेला हळदीची पिवळी झाक. तेहतीस वर्षं समोर बसून जेवतो तो हा लाल. शैलाच्या कपाळाचा.

पुढचं सगळं फार सौजन्याने झालं, आणि तेच जास्त लागलं. मेहुलने तिथूनच फोन लावला आणि कंबरेपर्यंत चिखलाने माखलेला असूनही आनंदाने सांगितलं, सर, कुंकू है, अपना नहीं है. कीर्ती मॅडम म्हणाल्या की नोंद काढून टाकावी लागेल, पण तुताऱ्यांची मोजणी तुम्ही नेटकी ठेवलीत. प्रणव म्हणाला की फलकाचं आपण नंतर बघू, आणि नंतर या शब्दावर तो इतका वेळ रेंगाळला की नरहरीला कळायचं ते कळलं. मग शैलाने डबा उघडला. भुकेलेल्या बावीस माणसांनी उकडहंडीवर असा हात मारला की लाल काय आणि राखाडी काय, सगळं विसरलं. जाताना प्रत्येकाने काकूंना धन्यवाद दिले. काकांना दोघांनीच.

बांध रिकामा झाला. जिव्या खुंट ठोकायला गेला. लांबवर गेलेले पक्षी हळूहळू, एकेक करून, परत उतरायला लागले. नरहरीने दुर्बिणीची काच रुमालाने स्वच्छ पुसली, पण डोळा काही लावला नाही. तो डब्याशेजारी बसला. तोंड असं मिटलेलं, जसं शाल-श्रीफळ घेऊन घरी आला त्या संध्याकाळी होतं.

शैलाने चमचे पुसून ठेवले. मग तिला राहवेना.

"दसऱ्याला सगळ्यालाच लावते मी," ती म्हणाली. "कोयत्याला, मिक्सरला, स्कूटरला. ही नवी होती. म्हटलं कपाळ कुठलं हिचं? तर डोळा लावतात तेच असंल."

तो रुमालाची घडी घालत राहिला.

"तुमी पयल्या दिवशी आलात ना लाल तुतारी सांगत, तेव्हाच मला शंका आली. तिसऱ्या दिवशी पेटी झाडताना बघितलं. दिसलं."

आता त्याने मान वळवली. "दिसलं? म्हणजे तुला ठाऊक होतं? महिनाभर?"

"हो."

"मग पुसलं का नाहीस? बावीस माणसांत माझं..."

"एवढी माणसं येतील हे मला काय माहीत? काल पुसायला गेले, तर तुमी पेटी उशाशी घेऊन निजलात." शैलाने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "आणि खोटं कशाला बोलू? त्या तिसऱ्या दिवशी फडकं होतं माझ्या हातात. ओलं करून घेतलेलं. तेवढ्यात तुमी बाहेरून हाक मारलीत. शैला, ऐक, आज तीन होत्या, म्हणालात. दोन वर्षं तुमच्या तोंडून जेवताना मीठ आणि पुरे, एवढंच ऐकत होते मी. फडकं ठेवून दिलं आणि ऐकायला आले."